वाढवायची आहे

लालबागला चहाच्या टपरीवर भजनाचा विषय निघाला की एक गोष्ट अजून सांगितली जाते. करी रोडच्या गाळ्यात एक खुनशी माणूस होता आणि त्यानं डबलबारीतल्या जुन्या रागापोटी एका मेलेल्या बुवांचा आवाज कायमचा मारून टाकला, अशी ती गोष्ट. सांगणारे बहुतेक जण त्या वेळी तिथे नव्हते. मी होतो.

त्या माणसाला आम्ही सगळे भटजी म्हणायचो. ते भटजी नव्हते. मालवणकडचे, बांगड्याच्या तिखल्याशिवाय घास न उतरणारे गृहस्थ होते. त्यांचं आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ते बंद पडल्यावर जुने कॉम्प्युटर मोडीत काढणाऱ्या त्या गाळ्यात ते कामाला लागले आणि तिथल्या यंत्रांचं जे काही करत, त्यावरून त्यांना हे नाव पडलं.

मी तिथे गेलो तो विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर. दिवसभर घरात बसून मी डब्यांची झाकणं नीट लागली आहेत का ते बघत असे, त्यामुळे बायको वैतागली होती. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतली एक मुलगी इंजिनिअर होऊन हा व्यवसाय करत होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही फक्त दारात बसा. माल आला की काय करायचंय ते नीट विचारून घ्या आणि आत सांगा. एवढंच काम." तिला सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणू लागलो.

त्या गाळ्यातला पहिला दिवस मला अजून स्वप्नात दिसतो. जुन्या गिरणीचं छप्पर, त्याच्या उंच काचांतून तिरका, पिठासारखा उजेड उतरलेला. त्या उजेडात कीबोर्डांचा ढीग. अक्षरं वरखाली सांडलेली, जणू कुणीतरी सगळी भाषाच पोत्यातून ओतली होती. माऊस शेपट्यांना धरून लसणाच्या माळांसारखे खिळ्यांना टांगलेले. हिरवे सर्किट बोर्ड एकावर एक रचलेले, लांबून पाहिलं तर लावणी झालेल्या वाफ्यांसारखे. आणि तापलेल्या धुळीचा एक वास, जो मला चाळीस वर्षं कचेरीत येत होता पण वास म्हणून कधी जाणवला नव्हता. या पेट्यांसमोर बसून कोण कोण म्हातारं झालं असेल, असा विचार करत मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे.

हातात एक मॉनिटर होता. मी विचारलं, "हे भंगार कुठे ठेवू?"

कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, "भंगार तुमच्या घरी. इथे येतात ते पाहुणे."

"आणि मी?"

"तुम्ही पण पाहुणेच. ठेवा त्यांना खाली, बसा."

तेव्हापासून ते मला पाहुणे म्हणू लागले. मी तिथे जुना झालो तरी पाहुणेच राहिलो.

मॉनिटरवर लोकांनी चिकटवलेले देव असत. गणपती, स्वामी, साईबाबा, वेलंकनीची माउली. भटजी ते ब्लेडनं अलगद सोडवून मागच्या भिंतीला लावत. ती भिंत देवांनी भरली होती. कचेऱ्यांतल्या बायका मॉनिटरच्या कडेला टिकल्या लावून ठेवतात, त्या मात्र भटजी देवांत मिसळत नसत. त्यांच्यासाठी एक लोखंडी खांब राखून ठेवला होता. संध्याकाळचा उजेड त्या खांबावर पडला की लाल, मरून, हिरव्या टिकल्या चमकत आणि खांब सवाष्णीसारखा दिसे. जौनपूरचे दोघे भाऊ तांब्याच्या तारा सोलायला बसत, ते त्या खांबाला भाभी म्हणत.

भटजींचं खरं काम हार्ड डिस्कचं. त्यांच्यापुढे दोन टेबलं होती. उजव्या टेबलावरच्या डिस्क पुसून पुन्हा वापरायला जायच्या. डाव्या टेबलावरच्या कायमच्या मोडायच्या, म्हणजे आतलं कुणालाही कधीच वाचता येणार नाही. पण पुसणं हा शब्द भटजींना चालत नसे. "पुसतात ते कपाळ," ते म्हणत. उजवीकडच्या डिस्कला ते आंघोळ घालत. मॅडम मोठ्या कंपनीच्या साहेबांशी फोनवर गंभीरपणे बोलत असताना मागून भटजींचा आवाज येई, "मॅडम, त्यांना सांगा, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या."

डावीकडचा शब्द मला पहिल्याच आठवड्यात शिकवला गेला. मी विचारलं होतं, "भटजी, ही फोडायची ना?"

त्यांनी कानांवर हात ठेवले. "पाहुणे, तुमच्या घरी नारळ फोडतात?"

"वाढवतात."

"वहिनींची बांगडी पिचली तर?"

"वाढवली म्हणतो आम्ही."

"संध्याकाळी वाणी दुकान काय करतो?"

"वाढवतो."

"मग हिनंच काय घोडं मारलंय तुमचं?"

तेव्हापासून मीही डिस्क वाढवायला लागलो. मला तो शब्द फार आवडला. कचेरीत चाळीस वर्षं मी 'निकाली काढणे' लिहीत आलो होतो. मोडण्याला वाढणं म्हणणारी माणसं आपलीच, आणि त्यांच्यात आपल्याला घेतलं गेलं आहे, असं मला वाटू लागलं.

वाढवण्याआधी भटजी प्रत्येक यंत्र एकदा शेवटचं सुरू करत. पण पडद्याकडे पाठ करून बसत. पेटीला कान लावत आणि डोळे मिटून डिस्कची घरघर ऐकत. "आत काय आहे ते बघायचं नाही," ते मला म्हणाले होते. "रस्त्यानं जाताना लोकांच्या खिडकीत डोकावतो का आपण? पण आवाज ऐकू आला तर आला." कुठली डिस्क खोकते, कुठली घोरते, कुठली सासूसारखी पुटपुटते, ते सांगत. मग प्लग काढत, डिस्क प्रेसखाली ठेवत आणि हात जोडून गाऱ्हाणं घालत. एरवी ते मुंबईचं मराठी बोलत, मन भरून आलं की मालवणीत शिरत.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जल्मभर दुसऱ्याचा सांभाळल्यान. दुसऱ्याचे पगार, दुसऱ्याच्या रजा, दुसऱ्याची भांडणा. सोताचा म्हणान काय एक ठेवल्यान नाय. आता तेका मोकळा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जौनपूरचे भाऊ तारा सोलता सोलता म्हणत. त्यांचा 'व्हय' मालवणातल्या कुणालाही लाजवेल असा झाला होता. मग प्रेस खाली येई. तो आवाज खरंच नारळ वाढवल्यासारखा होता.

आता भजनाचं. गल्लीत एक भजनी मंडळ होतं, दर श्रावणात सप्ताह करणारं. त्यांचे बुवा मोठे. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना चिमटे काढतात, त्यात या बुवांना तोड नव्हती. भटजी पखवाज वाजवत, पण तो समोरच्या बुवांकडे. एका बारीत या बुवांनी भटजींवर चार ओळी रचून म्हटल्या होत्या, की पखवाजाला कणिक लावतो की कणकेला पखवाज. सगळी गल्ली हसली होती. भटजी सगळ्यांत जास्त हसले होते, असं मला त्यांनीच सांगितलं. ते खरं असावं, कारण सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मंडळाची पंगत बसे, त्यात वाढपी म्हणून कमरेला पंचा बांधून भटजीच असत. बादली आणि पळी घेऊन ते रांगेतून असे जात की कुणाच्या पानावर काय कमी आहे हे पानाच्या आधी त्यांना कळे. "भांडण गाण्यातला, भात भातातलो," ते म्हणत. वर्षातला तो एक दिवस त्यांचा होता. त्याच्या गोष्टी ते मला उरलेलं वर्षभर सांगत.

बुवा गेले. मंडळानं जुन्या मोबाइलांवरची, टेपांवरची त्यांची सगळी भजनं गोळा करून एका कॉम्प्युटरात भरली. मग त्यात जागा पुरेना.

एका दुपारी भटजी जेवायला घरी गेले असताना मंडळाचे सेक्रेटरी तो कॉम्प्युटर घेऊन आले. स्कूटर रस्त्यातच सोडली होती आणि मागून टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता.

"भटजी आहेत?"

"जेवायला गेलेत."

"मग त्यांना सांगा, डिस्क वाढवायची आहे. उद्या येतो."

"वाढवायची?"

"हो हो, वाढवायची. ओळखतात ते मला." आणि ते गेले.

नीट विचारून घ्या, एवढंच माझं काम होतं. पण त्या क्षणी मला प्रश्न पडलाच नाही. मला आनंद झाला. आपला शब्द बाहेरच्या माणसाच्या तोंडून ऐकला, आणि आपल्याला तो कळला. मी तो कॉम्प्युटर डाव्या टेबलावर ठेवला.

भटजी आले, त्यांनी पेटी ओळखली. "ही मंडळाची. ही कशाला वाढवतायत? चांगली आहे की." मग मला म्हणाले, "पाहुणे, आपल्या अर्थानं वाढवायची की लोकांच्या?"

मी म्हणालो, "आपल्याच. मी विचारून घेतलंय."

विचारलं नव्हतं. हे चार शब्द मी का बोललो, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. खोटं बोलायचा हेतू नव्हता. चाळीस वर्षांच्या कारकुनाला 'विचारलं नाही' असं म्हणायची सवय नव्हती, एवढंच.

भटजी हसले. "म्हणजे लागला म्हणायचा शब्द लोकांच्या तोंडी."

त्यांनी यंत्र सुरू केलं आणि पडद्याकडे पाठ करून कान लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. वरच्या काचांतून उजेड त्यांच्या मानेवर उतरला होता आणि कुठेच काही हलत नव्हतं. "हिचो आवाज गोड आसा," ते म्हणाले. "तंबोऱ्यासारखो." मग गाऱ्हाणं झालं. व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांत मीही होतो.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले ते पेढे घेऊन. "झाली का हो भटजी वाढवून?"

"झाली कालच."

"व्वा. किती झाली?"

"किती म्हणजे? एकच तर होती."

"तसं नाही हो. वाढून किती झाली?"

भटजींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ते माझ्याकडे वळले नाहीत. त्यांनी डाव्या टेबलाखालच्या ट्रेमधून भोक पडलेली ती डिस्क काढली आणि दोन्ही हातांवर घेऊन पुढे धरली. प्रसाद धरतात तशी.

सेक्रेटरींना कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "भटजी, बुवा होते त्यात." आणि पेढ्यांचा पुडा मागे घेत म्हणाले, "मुद्दाम केलंस तू. चार ओळी सोसल्या नाहीत तुला."

मॅडम आतून आल्या. "काका, निरोप काय होता?"

"डिस्क वाढवायची आहे," मी म्हणालो. "हाच. तोच मी भटजींना दिला."

अक्षर न् अक्षर खरं होतं. भटजींनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. माझं 'मी विचारून घेतलंय' हे वाक्य त्यांनी कालच ऐकलेलं होतं आणि ते त्यांनी तिथे उच्चारलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. ते मॅडमना म्हणाले, "कान माझे. चूक माझी."

मला वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, उद्या. मग लालबागला ती गोष्ट सुरू झाली, आणि रागाची गोष्ट चूकभुलीच्या गोष्टीपेक्षा लोकांना जास्त आवडते. त्या श्रावणात पंगतीला भटजींना बोलावणं आलं नाही. पंगतीच्या दिवशी ते गाळ्यात बसून होते. दुपारी त्यांनी डबा उघडला, मिटला आणि भिंतीवरच्या देवांकडे बघत राहिले.

पुढे त्यांनी काय काय केलं ते गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. त्या डिस्कचा काही उपयोग नव्हता, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण गाळ्यात बंद मोबाइलांची पोती येत. त्यातला एखादा आपल्या गल्लीतला आहे असं वाटलं की ते त्या घरी जात, "जरा बघू का आत?" असं विचारत आणि मग बॅटरी जोडून तो जिवंत करत. दुसऱ्याच्या खिडकीत कधी न डोकावलेला माणूस आता लोकांच्या बारशांतून, लग्नांतून, समुद्रकिनाऱ्यांवरून बुवांना शोधत फिरत होता. शेजारी बसून मीही बघायचो. अनोळखी पोरं केक कापायची, अनोळखी बायका हात हलवायच्या, एखादा फोन मधेच मालवायचा. दिवस असे तरंगत गेले.

शेवटी एका फोनमध्ये बुवा सापडले. भजन नव्हतं. भजन सुरू होण्याआधीचा थोडासा तुकडा होता. बुवा खाकरतात, कुणाला तरी म्हणतात, "पेटी खाली घे रे, चढली हा. आणि चाय सांगलास?" बस.

भटजींनी तो तुकडा मंडळाला नेऊन दिला. मंडळानं घेतला. आणि लोक म्हणाले, बघा, मनात पाप होतं म्हणूनच एवढं शोधलं.

त्यानंतर भटजींनी तो शब्द सोडला. गाऱ्हाणंही थांबलं. सगळ्यांसारखं म्हणू लागले, "तोडली. पुढची द्या." मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. पुढे गाळाही गेला, तिथे आता टॉवरचा पाया खणला आहे.

मध्ये बरीच वर्षं गेली. मी त्यांच्या घरी कधी गेलो नाही. मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो बघून जरा जास्तच हळू आवाजात बोलायला सुरुवात केली, तेव्हा मी गेलो. त्यांची चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत त्यांना वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. दार उघडलं आणि मला वाटलं मी परत गाळ्यात आलो. स्वयंपाकघराच्या दोन्ही दारांवर, फ्रिजवर, खिडकीच्या चौकटीवर तेच देव. भटजी वाळले होते, केस पांढरे झाले होते.

"पाहुणे, इलास?" ते म्हणाले, जणू मी कालच उठून गेलो होतो.

मी बसलोही नाही. म्हणालो, "भटजी, मी त्या दिवशी विचारलं नव्हतं."

"ठावक आसा."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मी जेवून येत होतो, तर सेक्रेटरीची स्कूटर समोरून गेली. तो माणूस कुणाला प्रश्न विचारू देणारा आहे का?"

"मग माझं ऐकलंत कशाला?"

ते खिडकीतून खाली बघत होते. इतक्या उंचावरून परळपर्यंतची छपरं एखाद्या मोडून ठेवलेल्या यंत्रासारखी दिसत होती. "माका पण ताच आयकूचा होता," ते म्हणाले. "लोक माझो शब्द बोलाक लागले म्हणान बरा वाटला. तुमचा खोटा थोडा, माझा बरा वाटणा थोडा. दोघांनी मिळान केला."

"पण नाव तुमचं एकट्याचं गेलं. मी हे लिहिणार आहे."

"लिवा. पण सेक्रेटरीक आधी तोंडान सांगा. कागदार सांगणा सोपा असता."

सांगितलं. सेक्रेटरी आता काठी घेऊन चालतात. मंडळाच्या खोलीत पाच-सहा जण होते, त्यांच्यादेखत सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं आमच्या पंगतीत कुणाला भात कमी पडला, कुणाला आमटी आलीच नाही. आणि आम्ही म्हणायचो, हल्ली पोरांना वाढता येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पण या. आता आलाच आहात तर."

या श्रावणात गेलो. कुणी माझ्याशी बोललं नाही आणि ते ठीकच होतं. रांगेच्या टोकाला, चपलांजवळच्या पाटावर बसलो. सुरुवातीला लाउडस्पीकरवर नेहमीप्रमाणे बुवांचा तो तुकडा लावला. खाकरणं, मग "पेटी खाली घे रे", मग चहाची चौकशी. सगळे हात जोडून ऐकत होते.

मग आतून भटजी आले. कमरेला पंचा, एका हातात काळ्या वाटाण्याच्या आमटीची बादली. बादलीला खालून एका पोरानं हात लावला तर त्याला त्यांनी कोपरानं बाजूला केलं. ते रांगेतून हळूहळू पुढे सरकत होते. कुणाला ते म्हणत, "घे रे, लाजतंस कित्याक," कुणाला काहीच न म्हणता वाढत. पानाबाहेर एक थेंब पडत नव्हता. जसजसे ते जवळ येऊ लागले, तसा मी पत्रावळीवर हात आडवा धरला. पोट भरलेला माणूस धरतो तसा. मी अजून काहीच खाल्लं नव्हतं.

ते माझ्यासमोर थांबले. मागच्या वाढप्यांना थांबावं लागलं. बादलीतून वाफ वर येत होती आणि तिच्या पलीकडे त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"पाहुणे," ते म्हणाले, "वाढू?"

मी हात काढला.